तिसरी पायरी हलते

आमची सूनबाई पार्सलची गाडी चालवते. दिवसाला दीडशे घरं, म्हणजे दीडशे वेळा गाडीतून उतरणं. बाकीचे ड्रायव्हर टुणकन उडी मारतात. ही गाडीकडे तोंड करून, दाराजवळची मूठ धरून, एकेक पाय टेकत उतरते. लहानपणी माळ्याच्या शिडीवरून आम्ही असेच उतरायचो, तेव्हा ही अक्कल तिला माझ्याकडूनच मिळाली, असं मी चारचौघांत सांगायचो. एकदा तिने ऐकलं. म्हणाली, "बाबा, हे पहिल्या दिवशी सगळ्यांनाच शिकवतात. दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात." तेव्हापासून मी ती नसतानाच सांगतो.

कामावरचे लोक तिला गोगलगाय म्हणतात. खोकं ती पोटासमोर धरत नाही, कमरेवर घेते, कारण पाय दिसले पाहिजेत. दोन मोठी खोकी असली की दोन फेऱ्या. मोबाईल चालताना खिशात. पत्ता बघायचा तर थांबून बघायचा. मग रोज पाच-सहा पार्सलं उरायचीच.

तिच्या साहेबांना ड्रायव्हर मंडळी 'घड्याळ' म्हणतात, इतकं ते मनगटाकडे बघतात. त्यांनी एक दिवस सांगितलं, उद्या मी स्वतः गाडीत बसतो; उद्याही पार्सलं उरली तर सोमवारपासून गोदामात, दुपारपाळीला. आता गाडीचं काम तीनला सुटतं. दुपारपाळी म्हणजे नात शाळेतून येईल तेव्हा आई घरी नाही. मी म्हटलं, मी आहे की. तर नातच म्हणाली, आजोबा गोष्टी सांगत बसतात आणि माझा अभ्यास राहतो. खोटं कसं म्हणू?

पुढचं तिच्या तोंडून ऐकलेलं. मीठमसाला तेवढा माझा.

दुपारपर्यंत साहेब नुसते मनगटाकडे बघत होते. मग चढावरच्या एका घराची तीन खोकी निघाली. हिने एक उचललं, आणि साहेबांचा धीर सुटला. तिच्या हातातलं घेऊन त्यांनी तिन्ही एकावर एक रचली, वरच्या खोक्यावर हनुवटी टेकवली आणि निघाले.

"साहेब, पाय दिसतात का?"

"चौदा वर्षं गाडी चालवली मी. पायांना काय बघायचं?"

साहेब पडले असते तर तिचं म्हणणं आपोआप खरं ठरलं असतं. मी असतो तर, खरं सांगतो, गंमत बघत उभा राहिलो असतो. ही पुढे झाली आणि वाट सांगत चालली. "फरशी ओली आहे, डावीकडून या. पहिली पायरी. दुसरी. तिसरी हलते, भिंतीच्या बाजूला पाय टाका."

साहेब पहिलीतल्या मुलासारखे निमूट मागे आले. खोकी दारात ठेवली. परतताना त्यांनी कठडा धरून तिसऱ्या पायरीवर बुटाचं टोक दाबलं. पायरी टकटक वाजली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली.

"असलीच एक होती," ते म्हणाले, आणि त्यांचा हात गुडघ्यावर गेला. "ऑपरेशन झालं म्हणून खुर्चीत बसलो मी. लोक त्याला बढती म्हणतात."

त्या दिवशीही सहा पार्सलं उरली. गाडी गोदामासमोर थांबली तरी साहेब जागचे हलले नाहीत. मग वळले, मूठ धरली आणि गाडीकडे तोंड करून, एकेक पाय टेकत उतरू लागले. एका ड्रायव्हरने विचारलं, साहेब कुठल्या विहिरीत उतरताय.

साहेबांनी आधी दुसरा पाय नीट जमिनीवर टेकवला. "उद्यापासून तुम्हीही असंच उतरा. आणि हिच्या गाडीत सहा पार्सलं कमी भरा."

सोमवारी तीनच्या सुमाराला जिन्यात तिची पावलं वाजली, एकेक, सावकाश. नात वही टाकून दाराकडे पळाली, आणि माझी गोष्ट ऐन रंगात आलेली तिथेच राहिली.