आता मी कोनावर वरडू जी

चमेलीबाईचा आवाज मोठा होता. ती शेताच्या धुऱ्यावर उभी राहून हाक मारायची तेव्हा नाल्यापलीकडच्या धानाच्या बांधीत चिखलणी करणारा तिचा नवरा तर थांबायचाच, त्याचे बैलही थांबायचे. सालेकसा तालुक्यात, कचारगडाच्या डोंगरांच्या अलीकडे त्यांचं गाव होतं. रोवणीच्या दिवसांत बायकांच्या रांगेत ती कुठे आहे हे पाहावं लागत नसे, ऐकू यायचं.

नवरा दुधराम अगदी उलट. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. बशीत ओतलेल्या चहाकडे पाहत बसायचा, चहा निवून जायचा.

"अजी, मुहूर्त पाहून पिता का चहा?" ती ओरडायची.

दुधराम हसायचा आणि निवलेला चहा एका घोटात संपवायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "मा घरी रेडू आहे. त्याले बटन नाही." त्याच्या बोलण्यात राग नसायचा. एकदा ती आठवडाभर माहेरी गेली तर हा दुसऱ्याच दिवशी तिच्या बापाच्या दारात जाऊन उभा राहिला. कशाला आलात म्हणून सासऱ्याने विचारलं तर म्हणाला, "घरात काहीच ऐकू येऊन नाही राहिलं."

त्यांना दोन लेकरं. रविता गोंदियाजवळ कुडव्याला दिलेली. खुमेंद्र सुरतला कापडाच्या कारखान्यात. शेती होती ती नवराबायको मिळून करायचे. शेजारच्याच घरात चमेलीबाईची जाऊ आणि तिचा मुलगा तिलक राहायचे. तिलक ट्रॅक्टर चालवायचा. चमेलीबाईने त्याला खुमेंद्राबरोबरच लहानाचा मोठा केला होता. दोघं एका ताटात जेवून वाढले होते.

२०१० साली, धान निसवायला लागला त्या दिवसांत दुधरामला ताप भरला. आधी वाटलं उतरेल. मग तो ओळखेनासा झाला. तिलकने जीप आणली, पण गोंदियाला पोहोचण्याआधीच, आमगावच्या पुढे, दुधरामने मान टाकली. जीप तिथूनच माघारी फिरली.

गावात तेव्हा टॉवर नव्हता. फोन लावायचा तर शाळेमागच्या टेकडीवर चढावं लागायचं. तिथे वर एका खडकावर उभं राहिलं तर सिग्नलची एक कांडी यायची. तिलक टेकडीवर गेला आणि खुमेंद्राला कळवलं. सुरतहून यायला दोन दिवस लागणार होते.

"माह्यासाठी थांबू नका भाऊ," खुमेंद्र पलीकडून रडत म्हणाला. "पन मले बाबूजीचं तोंड पाहाचं आहे. तुह्या मोबाइलमंधी भरून ठेव. सगळं भरून ठेव."

म्हणून तिलकने भरून ठेवलं. त्याच्याजवळ मोठ्या स्पीकरचा चायना मोबाइल होता. अंगणात दुधरामला आंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं, हे सगळं तो एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने व्हिडिओत घेत राहिला. चमेलीबाई पायाशी बसली होती. तिला मोबाइल दिसला नाही, काहीच दिसत नव्हतं. ती रडत होती, जशी त्या भागातल्या बायका रडतात तशी, मेलेल्या माणसाशी बोलत, सुरात.

"अजी उठा ना जी... चहा निवून राहिला जी... आता एकडाव तरी टोका ना जी... तुम्ही तं चालले जी... आता मी कोनावर वरडू जी..."

तिच्या त्या आवाजाने अंगणातली माणसं हलली. आजवर कधी न रडलेले म्हातारे गोठ्याआड जाऊन रडले.

खुमेंद्र आला तेव्हा राखही निवली होती. तो आणि तिलक पडवीत गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि दोघांनी आपापले मोबाइल जवळ धरले. गावात नेट नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. ब्लूटूथ सुरू केलं की एका मोबाइलमधलं दुसऱ्यात जायचं. गाणी, फोटो, सिनेमे, सगळं असंच फिरायचं. पडद्यावरची पट्टी भरत गेली. मग खुमेंद्र मोबाइल घेऊन घरामागच्या सांदवाडीत गेला आणि पुन्हा पुन्हा पाहत बसला. चमेलीबाईने घरातून स्वतःचाच आवाज ऐकला. तिलकने भीत भीत सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पाहू दे बापा. त्याले तं बापाचं मरनही नाही भेटलं."

तेरवीला पाहुणे जमले. कोणीतरी म्हणालं, शेवटचं दर्शन आम्हालाही नाही मिळालं. तिलकने दाखवलं. दुधरामचा मावसभाऊ म्हणाला, "आमच्या बुढीले दाखवतो, मले दे." तिलकने दिलं. मग अजून दोघांनी मागितलं. तिलकच्या मनात पाप नव्हतं. उलट त्याला अभिमानच वाटत होता. "काकी कशी रडली पाय," तो म्हणायचा, "आयकनाऱ्याचं कारीज फाटते."

त्या दोघा-तिघांनी कोणाला दिलं, त्यांनी पुढे कोणाला, हे कोणालाच सांगता येणार नाही. कुठेतरी कोणीतरी चित्र काढून टाकलं आणि नुसता आवाज ठेवला. आवाजातूनही शेवटचा तुकडा तेवढा कापून घेतला.

धान कापून, चुरून-मळून झाला होता. चमेलीबाई जावेसोबत सालेकशाच्या बाजाराला गेली होती. मिरचीच्या दुकानापाशी उभी असताना मागून एका बाईच्या रडण्याचा आवाज आला. चमेलीबाईने टोपलं खाली ठेवलं.

"कोनाचा तरी मालक गेला वो माय," ती जावेला म्हणाली आणि आवाजाच्या दिशेने निघाली. बाई एकटी असेल, तिला धरायला पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं.

पानठेल्यापाशी तीन-चार पोरं उभी होती. बाई कोणी नव्हती. एकाच्या खिशातला मोबाइल वाजत होता.

"आता मी कोनावर वरडू जी..."

पोराने मोबाइल काढला, कानाला लावला, आवाज बंद झाला. दुसऱ्याने तोच सूर काढून म्हटलं, "अरे वरडू दे ना जी!" आणि सगळे हसले. चमेलीबाई तिथेच उभी होती. आपला आवाज माणसाला लगेच ओळखू येत नाही म्हणतात. तिला ओळखू आला. पोरांनी तिच्याकडे पाहिलं, बाजूला सरकून वाट दिली. त्यांना ती कोण आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

घरी आल्यावर तिने तिलकला बोलावलं. काय झालं ते ऐकून तो तिच्या पायाशी बसला. तिच्यासमोर त्याने मोबाइलमधून ते काढून टाकलं.

"झालं?" तिने विचारलं.

"माह्यातलं झालं काकी."

"अन् त्या पोराच्या?"

तिलकने मोबाइल जमिनीवर ठेवला.

"तू दिलं होतं ना गा? मंग तूच वापस घे."

"तसं नाही होत काकी. ज्याच्याजवर गेलं त्याचं झालं. त्याच्या मोबाइलमधलं त्यालेच काढा लागते."

"मंग आपून जाऊ. सांगू त्यायले."

आणि ती खरंच निघाली. तिलकच्या फटफटीवर मागे बसून ती त्या हिवाळ्यात पाहुण्यांच्या गावोगाव गेली. मावसभावाने लगेच काढून टाकलं, पण त्याच्या पोराने ते आपल्या मेव्हण्याला दिलं होतं. मेव्हणा म्हणाला, मी तर काढलं, पण आमच्या धान गिरणीवर सगळ्यांकडे आहे. गिरणीवर हमालांनी तिला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. एका हमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, मी हे आयकून मा मायसाठी रडलो होतो," तो म्हणाला. त्याने काढलं. दोघांनी काढल्यासारखं केलं. तिला कसं कळणार? तिला तो पडदा वाचताही येत नव्हता. समोरचा म्हणायचा, झालं, आणि ती मान हलवायची.

सालेकशाला मुन्नालालचं मोबाइलचं दुकान होतं. तो मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. त्याच्या संगणकात कॉमेडीच्या फोल्डरमध्ये ते सापडलं.

मुन्नालाल वयस्क माणूस. त्याला लाज वाटली. "माताजी, हमको क्या मालूम ये असली है," तो म्हणाला. "हमें लगा किसी ने एक्टिंग करी है." त्याने ताबडतोब मिटवलं. चमेलीबाईला बरं वाटलं. हेच मूळ असेल आणि आता ते उपटलं गेलं असं तिने धरलं. पुढच्या बाजारी ती मुद्दाम चौकशीला गेली, तेव्हा मुन्नालाल तिच्याकडे पाहीना. लोक आपली कार्डं आणतात, त्यातून ते पुन्हा संगणकात उतरतं, असं त्याने समजावून सांगितलं. "मैं रोज मिटाता हूँ माताजी. रोज आ जाता है."

कोणी म्हणालं पोलिसांत जा. ती गेली. तिथल्या हवालदाराने नीट ऐकून घेतलं. "ज्यानं भरलं अन् ज्यानं पसरवलं, त्याचं नाव सांगा बाई. तक्रार लिहून घेतो." चमेलीबाईला सगळ्या जगात एकच नाव माहीत होतं. ते नाव बाहेर फटफटीजवळ मान खाली घालून उभं होतं.

"मले नाही मालूम," म्हणाली आणि उठली.

बाहेर आल्यावर तिलकने विचारलं, "का म्हनलं त्यानं?"

"चाल घरी."

त्यानंतर ती कोणाकडे गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रविताच्या दिराचं लग्न होतं. विधवा बाईने लग्नात कुठे बसायचं असतं ते तिला ठाऊक होतं. ती कुडव्याच्या त्या मांडवात मागे, पाण्याच्या टाकीजवळ बसली. संध्याकाळी वरात निघायच्या वेळी डीजे लागला. पोरं नाचत होती. एक गाणं संपलं, ढोलाचा ठोका सुरू झाला आणि त्या ठोक्यावर तिचा आवाज आला. तुकडे केलेला. "वरडू जी, वरडू जी, कोनावर, कोनावर, वरडू जी."

पोरांनी हात वर केले. नवरदेवाचे काका खांद्यावर लहान मूल घेऊन नाचत होते. मूल टाळ्या पिटत होतं.

रविताने आत, स्वयंपाकाजवळ, ते ऐकलं. हातातलं ताट तिथेच टाकून ती बाहेर धावली, आधी आईकडे पाहिलं, मग सरळ डीजेवाल्याकडे गेली. "बंद कर!" ती ओरडली. "बंद कर ते! मा माय आहे ते! मा बापाच्या मयतीतलं आहे!"

त्या गोंगाटात डीजेवाल्याला पहिल्यांदा कळलंच नाही. कळल्यावर त्याने बटण दाबलं. "दीदी, मुझे तो गाना बोल के ही मिला," तो पुटपुटला. नाचणारे थांबले आणि "लाव ना बे, काऊन बंद केलं?" म्हणून ओरडू लागले. त्याने घाईघाईने दुसरं गाणं लावलं. नाच पुन्हा सुरू झाला. रविताच्या सासूने येऊन तिचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आज नको वो. लग्न आहे." ती वाईट बाई नव्हती. तिलाही दुसरं काय म्हणता येणार होतं?

रविता येऊन आईच्या शेजारी बसली. चमेलीबाई नाचणाऱ्यांकडे पाहत होती.

"त्यायले का मालूम," ती म्हणाली. "मालूम असतं तं नाचले असते का?"



तिथून परत आल्यावर चमेलीबाईचा आवाज कमी झाला. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी तिने धुऱ्यावरून हाक मारणं सोडलं, बोलवायचं असेल त्याच्यापर्यंत चालत जायची. मग रोवणीत बोलणं सोडलं. घरात कोणी मोबाइल हातात घेतला की ती बोलता बोलता थांबायची. मोबाइल ठेवला की वाक्य पुढे न्यायची, नाहीतर तसंच सोडून द्यायची. खुमेंद्राने तिला सुरतला नेलं, तिथे ती महिनाभर राहिली. शेजारणीला वाटलं, बाई मुकी आहे.

वर्षं गेली. ते रडणं कधी ऐकू येईनासं झालं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. कोणी त्याला मिटवलं नाही. लोकांनी मोबाइल बदलले, नवी गाणी आली, टेकडीवर टॉवर उभा राहिला, गावात नेट आलं. लोकांना हसायला दुसऱ्या गोष्टी मिळाल्या. तिलकचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. तो काकीच्या घरचं पाणी भरायचा, तिचं शेत आधी नांगरायचा आणि मग आपलं. त्या रडण्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

मग एका पावसाळ्यात तिलकची आई गेली. चमेलीबाईची जाऊ. दोघी एका अंगणात तीस-पस्तीस वर्षं नांदल्या होत्या. कधी भांडल्या, कधी एकमेकींचं बाळंतपण केलं. बायका जमल्या, कोणी हुंदके देत होत्या, पण रडण्याला सुरुवात मोठ्या बाईने करायची असते. सगळ्यांनी चमेलीबाईकडे पाहिलं.

चमेलीबाईने जमलेल्या माणसांकडे पाहिलं. एकाच्या हातात मोबाइल होता; तो फक्त वेळ पाहत होता.

तिलकने ते पाहिलं. तो उठला, ओसरीवरचं सूप घेतलं आणि एकेकासमोर धरलं. "मोबाइल टाका यात," म्हणाला. पाहुण्यांनी टाकले, रविताच्या नवऱ्याने टाकला, त्याने स्वतःचाही टाकला. ते सूप उचलून तो बाहेर गेला, गोठ्यात नेऊन ठेवलं, दार ओढलं आणि परत येऊन काकीसमोर बसला.

"काकी," तो म्हणाला. "कोनाजवर काही नाही. आता रड. मा मायसाठी रड."

चमेलीबाईने जावेच्या पायांवर हात ठेवला. तोंड उघडलं. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, ओठ हलले, छाती वरखाली झाली. बायका वाट पाहत होत्या. तिलक वाट पाहत होता. आवाज आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग ती तिलककडे पाहत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून नुसतंच पाणी वाहत राहिलं.

शेवटी मागच्या एका म्हातारीने सुरुवात केली आणि बाकीच्या तिच्यामागे रडू लागल्या. पाऊस धरून आला होता. पुरुषांनी मयत उचलली.