बेंदराला काढलेली घुंगरं

मी चौथीपर्यंत शिकलेलो, पण बैल सजवण्यात कळंबमध्ये माझा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच तोऱ्यात माझ्याकडून ही गोष्ट झाली.

नात बारामतीला कथ्थक शिकायची. चार वर्षं मोकळ्या पायानं नाचवून घेतल्यावर तिच्या बाईंनी स्वतःच्या हातानं तिला घुंगरं दिली. पोरगी ती देव्हाऱ्यात ठेवायची. आधी पाया पडायची, मगच पायात बांधून सोप्यात नाचायची. मी बाजेवर बसून बघायचो.

बेंदराच्या दिवशी बैलाची घुंगरमाळ तुटली. मी सरळ देव्हाऱ्यातली घुंगरं काढून त्याच्या गळ्यात बांधली. त्या दिवशी बैल म्हणजे देवच की! मिरवणूक फिरून आली तोवर ती चिखलानं माखली होती, पाचसहा कुठं तरी गळून पडली होती.

पोरगी दारातच उभी होती. “आबा, ही बाईंनी दिल्याली हुती.”

“मग? सणाला बैलाच्या गळ्यात शोभली, ह्यात वंगाळ काय झालं?”

“मला इचारायचं तरी.”

“माझ्या घरात मी कुणाला इचारू?”

तिनं ती बैलाच्या गळ्यातनं सोडवली. घुंगरं धुतली, कपाळाला लावली आणि पिशवीत घातली. चुकलं हे मला तिथंच कळलं होतं, पण नातीपुढं तसं म्हणायला जीभ काही वळली नाही.

आता ती पुण्यात नाचाचंच शिक्षण घेते. सुट्टीला येते, पाया पडते, ताटात भाकरी वाढते. घरात नाचत मात्र नाही, आणि मीही कधी नाच म्हणत नाही.