मायला वाचून दाखवलेलं एक वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, शाळेत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या मायला ओळखत नाही — आणि तिला ओळखणाऱ्या माणसाकडे बघत मला हे सांगता येणार नाही.

आम्ही आदिलाबादकडच्या बोथला राहतो. मी सरकारी शाळेत शिक्षिका आहे, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. माय तलमडुगुकडच्या शेतांत कापूस वेचायची. सही सोडली तर तिला अक्षर येत नाही. मी वसतिगृहात होते तेव्हा दर पंधरा दिवसांनी ती ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून चालत यायची. माझ्याजवळ जे आहे ते तिच्यामुळे आहे. हे आधीच सांगून ठेवते — शेवटी सांगितलं तर ते खोटं वाटेल.

रविवारी दुपारी भांडी झाली की आम्ही दोघी मोबाईलवर कोरियन मालिका बघायचो. मायला आवडायच्या त्या नेमक्या अशा, ज्यांत ती माणसं आपला देश सोडून भलत्याच देशात फिरतात. बर्फाचे डोंगर, दगडी पूल, तळ्याकाठची गावं. बोलणं कोरियन, खाली इंग्रजी अक्षरं. ती मी वाचायची आणि आमच्या बोलीत सांगायची. माय बाजेवर पाय पसरून मध्येच विचारायची, "येवढ्या बरफात ढोरं कुठी बांधत असतीन हे लोक?" एकदा म्हणाली, "ह्या पोरीले तिथली बोली येत नाई, तरी कशी बिनघोर फिरून राह्यली पाह्य." आदिलाबादच्या पलीकडे न गेलेली माझी माय शेजारणीला परदेशातल्या घरांना कुंपण नसतं हे खात्रीनं सांगायची. मी वाचलेल्या शब्दावर तिनं कधी शंका घेतली नाही. का घेईल? त्याच वाचण्यासाठी तर तिनं मला शिकवलं होतं.

मग एक मालिका आली — समुद्राकाठच्या एका परदेशी गावात घेतलेली. मायनं समुद्र पाहिलेला नव्हता.

"याचा दुसरा काठ कुठी हाय?"

"दिसत नाही, माय."

"मंग माणसाले भेव नाई लागत?"

त्याच दिवसांत आमच्या शाळेच्या शिक्षकांनी संक्रांतीच्या सुट्टीत विशाखापट्टणची सहल ठरवली. घरच्यांना घेऊन, बस करून. मी आनंदाच्या भरात मायला सांगून टाकलं. तिनं जयंतीला नेसायचं पांढरं लुगडं पेटीतून काढलं, धुतलं, घडी करून पिशवीत ठेवलं. खाऱ्या पाण्यानं त्यावर डाग पडतील का, हे तिनं मला दोनदा विचारलं.

नंतर कळलं की सरिता मॅडम त्यांच्या आईला आणणार आहेत.

सरिता मॅडम माझ्याच शाळेत शिकवतात. मायनं सगळी उमर ज्यांच्या शेतात कापूस वेचला, त्या घरच्या त्या लेक. त्यांच्या आईला माय अजून 'दोरसानी' म्हणते, म्हणजे मालकीण. दोरसानी बसमध्ये चढल्या की माय काय करेल हे मला डोळ्यांपुढे दिसलं. ती सीटवरून उठेल. चपला काढून खाली बसेल. तिला कुणी सांगणार नाही — तिचे गुडघे आपोआप तसे वळतील. आणि मी? सगळ्या शिक्षकांसमोर मी तिला हात धरून वर बसवेन की खिडकीबाहेर बघेन?

उत्तर मला माहीत होतं. म्हणूनच तर भीती वाटली.

'माय, तू येऊ नको' एवढं म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही. मी काय केलं ते आता सांगते.

त्या रविवारच्या भागात, समुद्राच्या गावात राहणारी मुलगी खेड्यातल्या म्हाताऱ्या आईला फोन करते. तू ये, म्हणते, तुझ्याशिवाय मला हा समुद्र बघवत नाही. म्हातारी रडायला लागते. खाली अक्षरं होती — येते, मी येते.

"काय म्हणून राह्यली म्हातारी?" मायनं विचारलं.

मी वाचलं, "तू जाय बाई. माह्याच्यानं नाई होत. तू पाह्यला म्हंजे मीनं पाह्यला."

मायनं त्या रडणाऱ्या म्हातारीकडे बघत मान हलवली. मग म्हणाली, "शहाणी हाय. पोरीच्या पायात आली नाई."

मी मोबाईल बंद केला. मालिका संपली म्हणाले. सात भाग बाकी होते.

पुढच्या आठवड्यात सरिता मॅडम स्वतः घरी आल्या. आमच्या बाजेवर बसल्या, चहा घेतला. म्हणाल्या, "तुम्ही येता ना? आमची अम्मा सारखी विचारते. शेजारीच बसणार म्हणते तुमच्या."

मायनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी गॅसकडे तोंड करून उभी होते. वळले नाही — वळता आलं असतं.

"पोरगी जाते ना," माय म्हणाली. "तिनं पाह्यला म्हंजे मीनं पाह्यला."

पांढरं लुगडं पेटीत गेलं. मी गेले. दोरसानी बसमध्ये शेजारच्या सीटवर आपली पिशवी ठेवून बसल्या होत्या. परत आल्यावर मायनं एकच विचारलं, "दुसरा काठ दिसला का?"

उरलेले भाग मी नंतर एकटीनं बघितले. ती म्हातारी येते. कपडे घोट्याच्या वर धरून पाण्यात शिरते आणि हसते.

दोन वर्षांपूर्वी मायला लकवा झाला. उजवी बाजू गेली. आता मी म्हणते, गाडी करू, उचलून नेते तुला. ती जड जिभेनं तेच वाक्य म्हणते. माझं वाक्य. तिला ते आता स्वतःचंच वाटतं.

रविवारी आम्ही अजून मालिका बघतो. मी शब्द न् शब्द खरा वाचते. ती मान हलवते — त्या दिवशी हलवली होती तशीच.

मागच्या रविवारी तिनं अचानक विचारलं, "ते समुद्रावाल्या मालिकेतली म्हातारी — गेली का मंग पोरीकडं?"

खरं सांगायची वेळ ती होती. ती समोर होती, ऐकत होती, दुपारभर आम्हाला दुसरं काही काम नव्हतं.

"नाही गेली," मी म्हणाले.

"बरं केलं," माय म्हणाली, आणि पुढचा भाग लाव म्हणून डाव्या हातानं खूण केली.