परकराच्या नाडीखालचा डाग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना तेवढं माहीत होतं, पण ते गेले. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

माझ्या कमरेवर कोड आहे. परकराच्या नाडीखाली, तळहाताएवढं. लेकरांनासुद्धा कधी दिसू दिलं नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तेच सांगतेय — जरा आडून-आडून येतेय, एवढंच.

गौरी, माझ्या थोरल्याची मुलगी. चौथीत होती, तेव्हा कावीळ झाली. उतरली, परत झाली. पोर पथ्याला इतकी कंटाळली की म्हणायची, "आजी, उसाचा रस तू पी, मला मिसळ दे."

नाशिकच्या डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, मग आम्हाला विचारलं, घरात कुणाला थायरॉईड, सांधेवात, कोड? सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. जुनं मीच सांगणार ना? धाकट्याची सोयरीक तेव्हा लासलगावला ठरत आलेली. कोडाचं नाव निघालं तर? मी म्हटलं, "नाय हो, आमच्यात तसलं काही नाय. कावीळ पोरीला झालीये, तुम्ही कोडाचं काय विचारता?" वर हसलेसुद्धा.

डॉक्टरांनी साधी कावीळ धरून औषधं दिली.

धाकट्याचं लग्न झालं. गौरी त्यात नाचली — आणि पुढे तिचं पोट फुगलं, पाय सुजले. मुंबईला नेलं. सुई घालून लिव्हरचा तुकडा तपासला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोडात शरीर कातडीवर उलटतं, तसं हिचं स्वतःच्या लिव्हरवर उलटलंय, आधी कळलं असतं तर लिव्हर एवढं कडक झालं नसतं. मी सांगितलं असतं तर कळलं असतं? कोण जाणे. पण त्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं.

आता रोजच्या गोळ्या आहेत. त्यांनी तोंड गोल झालंय तिचं, वर्गात 'पुरी' म्हणतात. सकाळची गोळी मीच देते. देताना मला काही वाटत नाही. रडूही येत नाही.

परवा तपासणीला गेलो. नवीन डॉक्टर होते, त्यांनी परत तेच विचारलं — घरात कुणाला कोड वगैरे? मी तोंड उघडायच्या आत सूनबाईच बोलली, "नाही डॉक्टर, कुणालाच नाही. आईंना विचारलंय मी."

त्यांनी तसं लिहून घेतलं. मी शेजारीच बसले होते, गौरीची पाण्याची बाटली धरून.