तारेच्या आतली टिटवी

चैत्रात करंज फुलला की त्याचा तुरट वास घोड नदीच्या काठावर दिवसभर रेंगाळत असतो, आणि डिंभे धरणाचं पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गोट्यांत टिटवी अंडी घालते. ती दिसली की आमच्याकडच्या बायका भोवतीने पांढऱ्या दगडांचं कडं मांडतात. मग पिल्लं पळू लागेपर्यंत तिथून ना गुरं जातात, ना धुणं घेतलेली बाई. हे कुठल्या कागदावर नाही. काठावरचा आमचा वावरही कागदावर नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं.

दिवाळीनंतर मोजणी झाली, तेव्हा शिकलेला म्हणून गावाने मलाच पुढे केलं. वरचं शेत विकत घेतलेल्या रिसॉर्टवाल्याचा माणूस शेजारी उभा होता. मोजणीदाराने विचारलं, "इथं वहिवाट कुणाची?" काहीतरी थोर बोलत असल्याच्या ऐटीत मी म्हणालो, "कुणा एकाची नाही, नदीची आहे." त्याने निमूटपणे लिहिलं, 'वहिवाट नाही.' खाली मी सही ठोकली, आणि त्या नोंदीच्या जोरावर काठ रिसॉर्टच्या तारेच्या आत गेला. त्या सहीची आज मला किळस येते. आणि करंज उपटून, पाणमांजरांची बिळं बुजवून, तारेवर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी टांगणाऱ्याचा तर असा संताप येतो की ती पाटी दातांनी फाडावी.

काल सकाळी भागूकाकीला, माझ्या चुलतीला, घेऊन गेलो. तारेच्या आत दहा पावलांवर चार अंडी होती, टिटवी डोक्यावर आक्रोश करत होती आणि पलीकडून जेसीबी काठ सपाट करत येत होता.

"मावशी, आत जायचं न्हाई," पहारेकरी म्हणाला. "मालकानं सांगितलंय."

"तुजं गाव कंचं?"

"पेठ."

"मंग तुज्या आईनं कंदी कडं मांडलं न्हाई व्हय रं?"

तो बाजूला सरकला. मी तार वर उचलून धरली आणि सत्तरीची काकी पदरात दगड घेऊन खालून सरपटत आत गेली. तिने उकिडवं बसून एकेक दगड मांडला, तेवढा वेळ जेसीबीवाल्याने इंजिन बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो ते पुन्हा सुरू करेल, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर तिने पदर झटकला. माझ्याकडे बघून म्हणाली, "दगुड मी मांडलं. पर काठ तुज्या तोंडानं गेलाय, त्यो तूच माघारी आण."

हरकतीचा अर्ज लिहायला बसलोय. तळहातावर तारेचा ओरखडा ठणकतोय. वहिवाट कुणाची, याच्या उत्तरात या वेळी एकेक नाव घालत चाललोय. काकीपासून सुरुवात केली आहे, टिटवीपर्यंत अजून पोहोचलो नाही, आणि पान संपत आलंय.