डाव्या कोपराची खूण

त्या दिवशी बंदोबस्ताची दोरी मी माझ्या हाताने उचलली. नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी विसरलो, पण ती दोरी आणि तिच्याखालून गेलेली ती काळी ॲम्बॅसिडर विसरता आली नाही. राग अजून आहे. थोडा स्वतःवर, बाकीचा सगळा इतरांवर.

सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. मी हवालदारापासून वर आलो, कोणाच्या चिठ्ठीवर नाही. साहेबलोकांना ते खुपायचं आणि मला त्यांचं खुपणं कळायचं.

त्या दिवशी तिथल्या एका सहकारी संस्थेच्या अध्यक्षाची निवडणूक होती. पंधरा सभासद मत देणार होते. एका बाजूला गावचा पुढारी, जिनिंग फॅक्टरीचा मालक. दुसऱ्या बाजूला आठ शेतकरी सभासद, आणि त्यांना धरून ठेवणारे, त्या आठांतलेच एक आबा. आठ विरुद्ध सात असा सरळ हिशेब होता. अकराला मतदान. मी संस्थेच्या रस्त्यावर दोरी बांधून उभा होतो, वाहनांना बंदी.

साडेनऊच्या सुमाराला ॲम्बॅसिडर हॉर्न वाजवत आली. पुढे आबा, मागे त्यांचे दोन जोडीदार, तेही सभासद. मी हात वर केला. आबांनी काचेतून तोंड बाहेर काढलं. पागोटं नव्हतं, ओठ पांढरे पडले होते.

"सायेब, मनी पोर धुळ्याना दवाखानामा शे," एवढंच ते म्हणाले.

मी दोरी उचलली. इतकंच नाही, पुढे बैलगाड्यांची गर्दी होती ती शिपाई पाठवून बाजूला करवली. वीस वर्षं प्रश्न विचारून पोट भरणारा माणूस मी. एक प्रश्न विचारला नाही.

अकराला मतदान झालं. सात विरुद्ध पाच. पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडले, ताशे वाजले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण बापाचा तो चेहरा पाहिला होता, त्यामुळे मनात दुसरं काही शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ठाण्यात आले. दवाखान्यातून म्हणून आलेला फोन खोटा होता, मुलगी धडधाकट होती. दवाखान्यात त्या नावाची कोणी नव्हती. आबांनी एकेक वॉर्ड पाहिला, शेवटी प्रेतं ठेवतात त्या खोलीपर्यंत जाऊन आले. मग गाडी मुलीच्या वसतिगृहावर नेली. ती धुळ्याला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होती. बाप आला म्हणताच ती केस विंचरता विंचरता हसत बाहेर आली, आणि आबांनी तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. मारली आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागले.

ते मत बुडाल्याची फिर्याद देणार असं मी धरून चाललो होतो. कागद पुढे ओढला, तर ते म्हणाले, "मत गयं त जाऊ द्या, सायेब. पन मी पोरले मारं."

मला तेव्हा अर्थ कळला नाही. तो त्यांच्या जोडीदाराने सांगितला. तीन पुरुष गाडी घेऊन अचानक मुलींच्या वसतिगृहावर येतात, बाप काही न बोलता मुलीच्या तोंडात मारतो, हे पन्नास मुलींनी पाहिलं. आबांनी फोनची हकीकत सांगितली, पण कोणाला पटेना. मुलीचं काहीतरी प्रकरण कानावर आलं म्हणूनच बाप धावत आला, फोन वगैरे झाकायला रचलेलं आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बाई, म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुख, म्हणाल्या, मुलीला घेऊन जा. आठवड्याची मुदत दिली. त्या मुलीचं शिक्षण, लग्न, नाव, सगळं आता एका गोष्टीवर उभं होतं. तो फोन खरोखर आला होता आणि खोटा होता, हे कोणीतरी सिद्ध करायचं.

मी कामाला लागलो. फोन आला होता बाजारातल्या एका मारवाडी शेठच्या अडत दुकानात. सभासद तिथेच चहा पीत बसले होते. गाडीही शेठनेच दिली होती, न मागता. मी शेठला विचारलं, फोन आधी कोणी उचलला? म्हणाले, मीच. आधी पोस्टातला माणूस काय बोलला? शेठनी फोनकडे पाहिलं. ते रोज मुंबईशी कापसाचे भाव बोलणारे. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, आला की पोस्टातला ऑपरेटर आधी गावाचं नाव सांगतो आणि मग जोडून देतो.

"फौजदारसाहेब, कोणीच बोललं नाही," ते हळूच म्हणाले. "एकदम आबांनाच मागितलं."

म्हणजे फोन धुळ्याहून नव्हताच. गावातूनच होता.

पलीकडचा माणूस काय बोलला ते आबांना शब्दन् शब्द पाठ होतं. ट्रकची धडक बसली आहे. मुलगी बोलत नाही. डाव्या कोपराला जुना मोड दिसतो, ही तुमचीच मुलगी ना? रक्त लागेल, घरची दोन-तीन दणकट माणसं घेऊन या. रक्त द्यायचं म्हटलं की त्या काळी सख्खे भाऊ बाजूला सरकायचे. आबांचे दोन जोडीदार न सांगता उठले, कारण ते तसेच होते. फोन करणाऱ्याला ते माहीत होतं. ज्या चांगुलपणाला मी नोकरीत क्वचित पाहिलं, त्याचाच त्याने गळफास केला.

गावातले सगळे फोन हाताने जोडून देणारी टेलिफोनची पेटी पोस्टाच्या मागच्या खोलीत. पन्नासभर फोन आणि एक ऑपरेटर. त्या सकाळी धुळ्याचा एकही ट्रंक नव्हता, हे त्याने चिठ्ठ्या दाखवून सांगितलं. पण गावातल्या कोणत्या नंबराने शेठचा नंबर मागितला, ते सांगेना. खात्याची शपथ आहे, नोकरी कच्ची आहे, आणि पुढाऱ्याचा भाऊ शेजारीच राहतो. खरं तर तिसरं कारणच खरं होतं. मी आवाज चढवला, तसा तो आणखी आक्रसला. तेव्हा मला वडील आठवले. बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली हात धरायचा आणि बोटांनी भाव सांगायचा, शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही.

मी खिशातला रुमाल काढून त्याच्या हातावर टाकला. म्हटलं, "तू काही बोलू नकोस. उद्या देवासमोर उभं केलं तरी सांगशील की फौजदाराला एक शब्द बोललो नाही."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग रुमालाखाली त्याने माझी दोन बोटं धरली. सोडली. मग पाच, आणि पुन्हा दोन.

दोन, आणि पाच अधिक दोन सात. सत्तावीस. जिनिंग फॅक्टरीचं ऑफिस.

फोन कुठून झाला ते कळलं. कोण बोलला ते कळायचं होतं, आणि ते कोपराने सांगितलं. मुलगी नऊ वर्षांची असताना झाडावरून पडली होती. हात गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसवला होता. ते डॉक्टर वारले होते, त्यांचा कंपाउंडर होता.

मी त्याला ठाण्यात बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. निवडणुकीचं नाव काढलं नाही. आबांच्या मुलीचा हात कसा बसवला होता, एवढंच कौतुकाने विचारलं. गडी खुलला.

"डॉक्टर नावाला होते, साहेब. प्लास्टर मीच घातलं. कोपर होतं, अवघड काम. पण असं बसलं की अजून थोडा मोड सोडला तर काही कळायचं नाही."

"डावा ना?"

"डावाच."

"मग फोनवर बरोबर सांगितलंत."

कपातला चहा त्याच्या धोतरावर सांडला. दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. पुढाऱ्याने कंपाउंडरच्या मुलाला संस्थेत नोकरीला चिकटवायचं कबूल केलं होतं. त्याने एवढंच सांगितलं होतं की आबा आणि त्यांची माणसं दुपारपर्यंत गावात नकोत. कोपर आणि रक्त या दोन्ही कल्पना कंपाउंडरच्या स्वतःच्या. हे सांगताना त्याच्या आवाजात किंचित अभिमान होता. मी त्या दिवशी हात उचलला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

गुन्हा दाखल केला. दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याहून वरिष्ठांचा फोन आला. खासगी संस्थेची निवडणूक, कोणाला खरचटलंही नाही, प्रकरण वाढवू नका, 'क' समरी पाठवा. म्हणजे गुन्हा खरा नाही आणि खोटाही नाही, गैरसमजातून घडला, असं लिहून फाईल बंद करायची. मी वाद घातला, ओरडलो. पलीकडून थंडपणे सांगितलं की तुमच्या बढतीचा कागद आमच्याच टेबलावर आहे.

मग मी सौदा केला. समरी देतो, म्हटलं, पण पुढाऱ्याने अर्धा तास माझ्या ठाण्यात यायचं. तो आला, पान खात आला.

"एक फोन तर केला हो," तो हसून म्हणाला. "पोरगी ठणठणीत आहे. एवढं काय बिघडलं?"

कंपाउंडर कोपऱ्यात उभा होता. पुढाऱ्याचा मुलगा पुण्याला शिकायला होता. मी कंपाउंडरला सांगितलं, तोच फोन पुन्हा कर. फक्त यांच्या मुलाचं नाव घाल. तो कचरला. मी टेबलावर हात आपटला. त्याने डोळे मिटले, आणि त्याच्या गळ्यातून एक वेगळाच आवाज निघाला, कामात बुडालेल्या, दमलेल्या, सभ्य माणसाचा. पुणे हॉस्पिटलमधून बोलतोय. तुमचा मुलगा मोटारीखाली आला आहे. डोक्याला मार आहे. शुद्धीवर नाही. उजव्या भुवईवर जुना टाका आहे, हा तुमचाच ना?

"बंद कर," पुढारी म्हणाला.

तो टाकाही कंपाउंडरनेच घातला होता.

मी म्हटलं, आता हा माणूस माझ्याबरोबर धुळ्याला येईल आणि वसतिगृहात सगळ्यांसमोर सांगेल. पुढारी माझ्याकडे न बघता म्हणाला, "न्या." आणि निघाला. संध्याकाळी ऑपरेटरने मला रस्त्यात गाठलं, आणि या वेळी रुमाल लागला नाही. ठाण्यातून निघून पुढारी थेट ऑफिसात गेला होता आणि पुण्याचा अर्जंट ट्रंक लावला होता. फोन खोटा आहे हे त्याला माहीत होतं. माझ्यासमोर झाला होता. तरी लावला.

मुदतीच्या आत आम्ही एसटीने धुळ्याला गेलो, आबा, कंपाउंडर आणि मी, मी गणवेशात. बाईंनी मुलींना व्हरांड्यात बोलावलं. कंपाउंडर टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने कसंबसं सांगितलं. एक-दोन मुली हसल्या, त्यांना खोटं वाटलं. तेव्हा आबांची मुलगी पुढे आली. तिने डोळे बंद केले.

"काका, तशाच आवाजात बोला," ती म्हणाली.

तो बोलला. शेवटचं वाक्य संपेपर्यंत व्हरांड्यात कोणी हललं नाही. मग ती बापाजवळ गेली आणि त्यांचा उजवा हात, मारलेला हात, आपल्या डाव्या कोपरावर ठेवून उभी राहिली. बाई म्हणाल्या, वर्गाची वेळ झाली आहे, जा. ती गेली. पुढे ती शिक्षिका झाली.

माझी बढती चार वर्षं लांबली आणि दोन महिन्यांत बदली झाली. कंपाउंडरचा मुलगा संस्थेत चिकटला. पुढारी पुढेही निवडून आला. सोन्याची साखळी ओढली तर त्याला कलम आहे. धुळ्याच्या रस्त्यावर एका बापाचे अडीच तास कोणी ओढून नेले, त्याला कलम मला सापडलं नाही, आणि ज्यांनी शोधायचं त्यांनी मला शोधू दिलं नाही.

शिकलो ते साधं आहे. त्यानंतर जिथे जिथे बंदोबस्ताला उभा राहिलो, तिथे घाईतल्या माणसाला आधी पाणी पाजलं आणि विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? काही जणांनी त्याबद्दल शिव्या दिल्या. खाल्ल्या.

ती फाईल कुठेतरी अजून असेल. तिच्यात लिहिलं आहे, सदर प्रकार गैरसमजुतीतून घडला. खाली सही माझी आहे.