वांग्याच्या मळ्यातलं पुनरुत्थान

शेजारच्या सिस्टर दर ईस्टरला रंगवलेली उकडलेली अंडी घेऊन येतात आणि दर ईस्टरला मी त्यांची थट्टा करते. आम्हा दोघींचा तो सणच आहे म्हणा ना. त्या मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. रिटायर झाल्या तरी आमची बुलढाण्यातली सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते, आणि कुणाचं बीपी वाढलं की आधी त्यांचंच दार वाजतं. मी शाळेत मास्तरीण. पोरांना प्रश्न विचारून विचारून मला सवयच लागली आहे. देवाच्या गोष्टीलाही मी पुरावा मागते.

"मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठून बसला?" अंडं सोलत मी म्हणायचे. "आमच्याकडे तेरावं झालं तरी फक्त पंगत उठते."

सिस्टर चिडत नाहीत, हा त्यांचा मोठाच दोष आहे. त्या शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगतात. येशूला मारलं, गुहेत ठेवलं, तोंडाशी धोंडा लावला. त्याच्यामागे फिरणारे पुरुष घाबरून कडी लावून घरात बसले. एक बाई तेवढी पहाटे तिथे गेली. बघते तर आत कोणी नाही. ती रडत बाहेर उभी राहिली, तर समोर एक माणूस. तिला वाटलं हा बागेचा माळी. तिनं त्यालाच विचारलं, कुठं नेऊन ठेवलंस त्यांना? त्यानं तिला नावानं हाक मारली, तेव्हा कुठे तिला कळलं. ती धावत सांगायला गेली, तर पुरुष म्हणाले, बायकांची बडबड आहे. मग तो स्वतःच त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. एकाला तरीही पटेना, त्याला हात लावून बघायचं होतं. आणि एवढा मरणातून उठून आलेला देव, त्यानं विचारलं काय? खायला काही आहे का.

"एवढा मोठा देव," मी म्हणायचे, "उठल्यावर ज्यांनी मारलं त्या हाकिमांसमोर जाऊन उभं राहायचं सोडून त्या रडणाऱ्या बाईकडे कशाला गेला?"

"ती रडत होती ना," सिस्टर म्हणायच्या आणि चहाचा कप उचलायच्या. हे काय उत्तर झालं? वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी उभं केलं असतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नव्हती. त्या बाईनं देवाला माळी समजावं, हे मला मनातून फार आवडायचं. आमचं माहेर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं, पिंपळगाव राजाच्या अलीकडचं. वांगी, भेंडी, मेथी, आणि आम्ही जिला सांबार म्हणतो ती कोथिंबीर. बाराही महिने मळ्यात वाकलेल्या माझ्या वडिलांना आजवर कुणी देव समजलेलं नाही. साधं मालक म्हणायलाही लोकांच्या जिवावर येतं.

त्या वडिलांशी माझं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. कारण अगदी घरोघरचं. आमच्याकडे लेकीवर भारी माया असते. तिला साडीचोळी करतात, तिच्या नवऱ्याला धोंड्याच्या महिन्यात पुरणाचं जेवू घालतात, आणि मग एक दिवस तहसिलात नेऊन जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही प्रेमानं मागतात. सगळ्या बहिणी करतात. मी केली नाही. मला काही नांगर धरायचा नव्हता. पण मला आधी कुणी विचारलंच नाही, थेट पेन हातात दिलं, आणि माझं डोकं फिरलं. भाऊ तिथेच ओरडला. बाबा ओरडले नाहीत. ते नुसते गप्प झाले आणि गप्पच राहिले. त्या गप्प राहण्याचं मला जेवढं दुःख झालं तेवढं भावाच्या शिव्यांचं झालं नाही.

नातं म्हणून शिल्लक राहिला तो मोबाइलवरचा 'आपला परिवार' नावाचा ग्रुप. भाऊ रोज सकाळी त्यावर गुलाबाचं फूल टाकायचा, मी खाली जोडलेले हात टाकायचे. दोघांनी एकमेकांचे नंबर केव्हाच खोडून टाकले होते, पण हात जोडण्यात आमचं घराणं कुणाला ऐकायचं नाही.

यंदा चैत्रात, ईस्टरची अंडी अजून फ्रिजमध्ये होती तेव्हा, त्याच ग्रुपवर गुलाबाऐवजी दोन शब्द आले: 'बाबा गेले.'

मी शाळेतून निघाले ती थेट गाडीत बसले. नवऱ्यानं लगेच गाडी काढली. घाट उतरेपर्यंत ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा पाऊस पडला होता. जे बाबांना जन्मभर 'हेकट म्हातारा' म्हणत आले, त्यांचा आधारवड कोसळला होता. एका चुलत्यानं दिव्याचं हलतं चित्र टाकलं. गावच्या फाट्यावर तर फ्लेक्स लागलेला. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे माणूस मरायचा अवकाश, छापणारे तयारच. बाबांचा फोटो टिकलीएवढा, आणि खाली हात जोडून उभा असलेला भावी उमेदवार पुरुषभर.

आणि मला रडू येत नव्हतं. नवरा अधूनमधून बघायचा आणि पाण्याची बाटली पुढे करायचा. मला राग येत होता. न बोलता निघून गेले याचा राग, आणि आता हे भांडण मी कुणाशी पुरं करू याचा राग. डोळे नुसते जळत होते.

आमचा मळा गावाच्या आधी, रस्त्यालाच लागून आहे. मी गाडी थांबवायला लावली. घरी प्रेताशी जाण्याआधी मला त्यांचा मळा बघायचा होता. बांधावरून आत गेले तर मोटर चालू, आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक गडी वांग्यात वाकून पाणी वळवतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय रे, लाज वाटते का?" मी ओरडले. "मालक घरात मरून पडलाय आणि तू वांग्याला पाणी काय देतोस?"

गडी सरळ झाला. वळला. उन्हात डोळे बारीक करून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आली का माय?" तो म्हणाला.

मला या जगात माय म्हणून हाक मारणारा एकच माणूस आहे. लहानपणापासून. मी तिथेच चिखलात मटकन बसले.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही मेलात ना?"

"हाव, मेलो ना. पन मोटरीची लाइन दुपारचीच हाय. मेलं मनून वांगे वाट पाह्यतीन काय?" मग जरा जवळ येऊन माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "रडली का?"

"नाही."

"काऊन?" त्यांचा चेहरा खरोखरच पडला.

मग त्यांच्याच तोंडून मला उलगडा झाला. सकाळी वांग्यात वाकलेले असताना त्यांच्या डोक्यावर कावळा येऊन बसला होता. कावळा डोक्यावर बसला की मरण जवळ आलं, असं आमच्याकडे धरतात. त्यावर उपाय एकच. माणूस मेला असा खोटा निरोप जिवाच्या माणसाला धाडायचा. ते माणूस मनापासून रडलं की मरण टळतं. आणि ते रडेपर्यंत खरी गोष्ट कुणाला सांगायची नाही, नाहीतर निरोप फुकट जातो. यमाला फसवायची ही युक्ती आहे. एवढ्या मोठ्या खात्याचा साहेब आणि त्याला मयत तपासून बघायचीही सवय नाही.

पूर्वी असा निरोप घेऊन माणूस जायचा, रडवायचा, खरं सांगून चहा पिऊन परत यायचा. आमच्या भावानं तो ग्रुपवर टाकला. कारण काय, तर बहिणीचा नंबर खोडलेला, आणि ग्रुपवरून शोधून फोन करण्यात त्याची मान खाली गेली असती. त्यामुळे एका लेकीला जायचा निरोप सगळ्या तालुक्याला गेला.

मी धावत रस्त्यावर आले. नवरा गाडीत बसून श्रद्धांजल्या वाचत होता.

"अहो, बाबा जिवंत आहेत! मळ्यात आहेत, माझ्याशी बोलले!"

त्यानं माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की मला त्याला चापट मारावीशी वाटली. "आधी पाणी पी," तो म्हणाला. "सावलीत बस. होतं असं धक्क्यानं." ग्रुपवर पन्नासजण बाबा गेले म्हणतायत, त्यांच्यापुढे बायकोच्या डोळ्यांची काय किंमत? तेव्हा मला सिस्टरच्या गोष्टीतली ती बाई आठवली, आणि आजवर तिची केलेली सगळी थट्टा माझ्यावरच उलटली. बिचारीवर हीच पाळी आली होती.

बाबांना मागे बसवलं, तेव्हा नवऱ्याचा विश्वास बसला. नंतर बराच वेळ त्याला गिअर सापडत नव्हता.

घरी अंगणात मांडव पडलेला. तिरडीचे बांबू भिंतीला टेकलेले. मयत कुठाय असं जो तो विचारत होता आणि भाऊ खाली मान घालून "दवाखान्यातून यायची हाय" एवढंच म्हणत होता. बाबा गाडीतून उतरून चिखलाच्या पायांनी मांडवात शिरले. एका आत्यानं किंकाळी फोडली. चुलते पुढे आले आणि त्यांनी बाबांच्या दंडाला चिमटा काढला. मग खात्री नाही म्हणून दुसऱ्या दंडालाही.

तुम्हाला वाटेल आता आनंदीआनंद झाला असेल. छे! सगळ्यांची तोंडं उतरली. जो माणूस सकाळपासून देवमाणूस होता, तो जिवंत निघाल्याबरोबर पुन्हा हेकट म्हातारा झाला. "आमी कामधंदे सोडून आलो ना बे," एकजण म्हणाला. "मी तं ट्रॅक्टर उभा करून आलो." उमेदवाराचा माणूस भावाला बाजूला घेऊन विचारत होता, की फ्लेक्स आता ठेवायचा का काढायचा. मेलेला माणूस उठावा असं सगळे म्हणतात, पण उठल्यावर त्याचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नसतं.

बाबा ओट्यावर टेकले. "काही खायले हाय का?" त्यांनी विचारलं.

काही नव्हतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, आणि नाटक पूर्ण व्हावं म्हणून वहिनीनं सकाळपासून पेटवलीही नव्हती. वर कावळ्याची गोष्ट एव्हाना मांडवभर झाली होती आणि तो धसका कायमच होता, कारण ज्याला निरोप धाडला ते माणूस रडलंच नव्हतं. मग सगळ्या बायका माझ्यामागे लागल्या. "रड ना वो पोरी, बापाच्या जिवाचा सवाल हाय." आत्यानं गळा काढून दाखवला, म्हणजे मला सूर मिळावा. समोर बाप टुणटुणीत बसलेला, भुकेनं कावलेला, आणि माझ्या डोळ्यांकडे विहिरीत डोकावल्यासारखा बघतोय. कुणाला रडू येईल?

तेवढ्यात भावानं संधी साधली. "सगळे जमलेच हायत बाबा," तो म्हणाला, "तं त्या सहीचंई आजच..."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुले त्या कावळ्याहून जास्त घाई हाय बे," ते म्हणाले. मांडवात पहिल्यांदा लोक हसले. भाऊ बांबू मोजायला गेला.

मी परसात गेले. कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळल्या काड्या चुलीत घातल्या, बाबांनी दुपट्ट्यात बांधून आणलेली वांगी त्यावर भाजायला ठेवली. वहिनी शेजारी बसून मिरच्यांची देठं काढत होती. माझ्याशी तीही कधी बोलत नसे. बोटं चालू ठेवत, खाली बघतच तिनं सांगितलं.

"तुमच्या भावानं मनलं होतं, आत्याले निरोप धाडू. जवळ हाय, रडतेई चांगली. तं मामाजी मनले, नाई. तिलेच धाडा. बाकीचे आवाज काढतीन, मनले, रडन तं माही लेकच."

वांग्याचं साल तडकलं. मी चिमटा हातात धरून बसले. एवढी वर्षं मी समजत होते की त्या घरात माझं नाव निघत नाही, आणि या माणसानं आपला जीव माझ्या डोळ्यांवर टाकला होता. न बोलता. फोन न करता. ज्या लेकीशी बोलायचं नाही, तीच आपल्याला मरणातून ओढून आणेल याची त्यांना एवढी खात्री होती. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं या हेकट म्हाताऱ्याचं?

मग मी रडले. धुराचं निमित्त नव्हतं, कुणाला ऐकवायचं म्हणूनही नव्हतं. परसदाराच्या उंबऱ्यावर डोकं ठेवून, गावात कुणी रडलं नसेल इतकं मोठ्यानं रडले. वहिनीनं घाबरून मिरच्या सांडल्या. मांडवातला सगळा गलका थांबला. त्या शांततेत ओट्यावरून बाबांचा आवाज आला, भुकेलेला, वैतागलेला, आणि पुरता जिवंत.

"झालं. वाचलो. आता जा बाप्पा आपापल्या घरी." आणि मग, मोठ्यानं, माझ्यासाठी: "माय, वांगं करपून राह्यलं ना वं!"